भागीरथीची जागा

"भागीरथी केशव!"

पंतोजींनी नाव घेतलं, चष्म्यावरून बाकाकडे एकदा पाहिलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणाले, "गैरहजर." मग लगेच पुढचं नाव, "धुर्पा सटवा!"

"हजर, गुरुजी!"

"अगं, किती ओरडशील? मी बहिरा नाही, आणि तू शेतात पाखरं हाकायला बसलेली नाहीस."

बाकावरच्या मुली हसल्या. मीही हसले. धुर्पा म्हणजे मी. हजेरीला नाव आलं की माझा आवाज आपोआप चढायचा, कारण माझं नाव कागदावर आहे आणि एक चष्मेवाला ब्राह्मण ते रोज मोठ्यानं वाचतो, याचं मला भारी अप्रूप होतं. माझ्या आईचं नाव उभ्या जन्मात कुणी कागदावर लिहिलं नव्हतं.

माझ्या डाव्या हाताला भागीरथीची जागा होती. दीड हात रुंद, स्वच्छ, रिकामी. तिच्यापलीकडे वरच्या आळीतल्या पाच मुली, अगदी लगत गोदी. अलीकडे मी, आणि माझ्या खाली आमच्या महारवाड्यातल्या जनी, सरी वगैरे. भागीरथी आजारी होती. मी शाळेत आले तेव्हाही ती आजारी होती आणि दुसरं वर्ष लागलं तरी उठली नव्हती. मला तिची दया यायची. माझी पाटी तिच्या जागेत सरकली तर मी चटकन मागे ओढायची, आणि मरीआईपुढे नारळ फुटायचा तेव्हा तिच्यासाठीही हात जोडायची.

सोनवडी हे तालुक्याचं गाव. तिथं स्कॉटिश मिशननं मुलींची शाळा काढली होती. आधीच्या मडमेच्या वेळी आमच्या महारवाड्यातल्या मुली ओसरीवर तरटावर बसायच्या आणि वरच्या आळीच्या मुली आत. मग ड्रमंडबाई आल्या. गावानं आठवड्याभरात त्यांचं डमरूबाई करून टाकलं. लाल चेहरा, उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बटणं, आणि मराठी अशी की शब्द न् शब्द पुस्तकातला. खुर्चीमागच्या खुंटीवर चामड्याचा एक पट्टा, टोकाला दोन शेपट्या चिरलेला, त्यांनी देशाहून येताना आणलेला. खोटं बोललं की तळहातावर दोन पट्टे. बाकी कशाला मार नाही.

त्यांनी पहिल्याच दिवशी ओसरीवरचं तरट उचलायला लावलं. भिंतीलगत एकच लांब बाक घातलं, खिडकीपासून दारापर्यंत.

"माझ्या देशात," त्यांनी सांगितलं, "विद्यार्थी बापाच्या नावाने बसत नाहीत. ते आपल्या उत्तराने बसतात."

म्हणजे असं, की खिडकीपाशी वर्गात पहिली, दारापाशी शेवटची. प्रश्न खिडकीकडून निघायचा. पहिलीला आला नाही तर दुसरीला, मग तिसरीला. जिला येईल तिनं उठून, चुकलेल्या सगळ्यांच्या वर जाऊन बसायचं. बाईसाहेबांचा बाप मेंढ्या राखायचा म्हणे, आणि त्या अशाच एकेक जागा जिंकत दारापासून खिडकीशी पोचल्या होत्या. मधे एकदा त्यांना गोवर आला, आणि बऱ्या होऊन शाळेत गेल्या तर पुन्हा दारापाशी. ते दुःख त्यांना पन्नाशीतही विसरवत नव्हतं. म्हणून त्यांनी आमच्या शाळेत नियम केला, की आजारी मुलीची जागा जाणार नाही, ती येईपर्यंत तशीच राखायची.

नियम दयेचाच होता. पण आमच्या पंतोजींनी, म्हणजे विसाजीपंतांनी, त्याला एक शेपूट जोडलं. प्रश्न खाली येता येता भागीरथीपर्यंत आला की ते हात वर करायचे. "थांबा. हा भागीरथीचा प्रश्न. ती आली की तिला विचारू." मग माझ्यापासून नवा प्रश्न सुरू. उत्तर माझ्या ओठांवर असायचं. तसंच गिळून मी गप्प बसायची. पंतोजींनी भागीरथीसाठी राखलेल्या प्रश्नांची एव्हाना एक पेठ वसली असती.

बाईसाहेब महिनाअखेरीला बाक पाहायच्या आणि मला म्हणायच्या, "धुर्पा, तू सातव्या जागेच्या पुढे का जात नाहीस? तू आळशी आहेस काय?"

मी मान खाली घालायची. भागीरथी बरी झाली की सगळं होईल, असं मला खरंच वाटायचं.

दिवाळीनंतर बाईसाहेबांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी हजेरी संपता संपता पंतोजींना विचारलं, "भागीरथीचे घर कोठे आहे?"

पंतोजींच्या हातातली लेखणी थांबली. "वरच्या आळीत, बाईसाहेब."

"माझ्या देशात मूल शाळेत आले नाही तर शाळेचा मनुष्य त्याच्या घरी जातो. येथे असा मनुष्य नाही. म्हणून मी जाईन."

"आपण कशाला तसदी घ्यायची? मी निरोप देतो ना!"

"आपण वर्षभर निरोप देत आहात," बाईसाहेब म्हणाल्या आणि टोपी घालून निघाल्या.

माझा बाप शाळेचा राखणदार. पलटणीत नोकरी करून आलेला, मिशा अजून पलटणीतल्याच. छत्री आणि बाईसाहेबांनी आजाऱ्यासाठी करवलेल्या सुपाचा डबा घेऊन तो त्यांच्यामागे गेला. संध्याकाळी परत आला तो चुलीपाशी बसून हसायलाच लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी.

"काय झालं बाबा? भेटली का भागीरथी?"

"भेटती कशी? असंल तर भेटंल!" त्यानं डोळे पुसले. "पयल्या दारी गेलो. मी आपला लांब, आळीच्या तोंडाशी हुबा. बाई आतून म्हनली, भागीरथी व्हय? ती मामाच्या गावाला गेली. फुडल्या दारी म्हनली, तापानं निजलीया, दार उघडायचं न्हाई असं वैद्यानं सांगितलंय. तिसऱ्या दारी एक म्हातारी. ती म्हनली, पोर सोवळ्यात हाय! आन् मडमबाई आपली समद्यांचं खरं मानून चाललीया. शेवटी सूप एका वसरीवर ठिवलं, म्हनली, तिला गरम करून द्या." बाप पुन्हा हसला. "कुत्र्यानं खाल्लं आसंल."

"पण मग ती आहे कुठल्या घरात?"

बापाचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, जणू आपली पोर एवढी खुळी कशी असं त्याला वाटलं असावं.

"आगं, न्हाईच ती. भागीरथी म्हून कुनी पोरगीच न्हाई या गावात. एक बाक झालं तवा वरची आळी पेटली हुती. पोरी काढतो म्हनली. पंतोजीनं हे काढलं मधनं. बाक येक, खरं. पर मधी भागीरथी. त्या पलीकडं, तुमी अलीकडं. शिवाशीव न्हाई. मडमबाई खूश, आळी खूश."

दीड वर्षं मी त्या रिकाम्या फळीसाठी मरीआईला हात जोडत होते.

"मग मेली असं का नाही सांगत? सुटेल तरी बाईसाहेबांचा घोर."

"मेली तर जागा मोडंल की! मंग तू सरकशील त्या गोदीला खेटून. भागीरथीला मरायची सोय न्हाई, पोरी, आन् यायचीबी न्हाई."

"मी बाईसाहेबांना सांगते."

बापानं माझा हात घट्ट धरला. "आईक. खरं सांगितलंस तर वरच्या पोरी जातील. निम्मी शाळा गेली की शाळाच गेली. मंग जनी, सरी, समद्याच शेन थापायला. गप ऱ्हायलीस तर..." तो थांबला.

"तर?"

"तर तू येकलीच जाशील."

तो काय म्हणत होता ते मला कळलं. चैत्रात शिक्षण खात्याचे डिप्टीसाहेब तपासणीला येणार होते, आणि बाकावर त्या दिवशी पहिली बसेल तिला पुण्याच्या मास्तरणींच्या शाळेत जागा मिळणार होती. तिथं न गेले तर त्याच चैत्रात आत्याच्या थोरल्याशी माझं लग्न. आत्या सुपारी फोडायला टपलेलीच होती. बापाच्या मनात नव्हतं, पण भाऊबंदांपुढे त्याचं किती चालणार? मी शिकत होते तोवर त्याला एक कारण होतं. शाळा संपली की कारणही संपलं.

त्या दिवसापासून बाईसाहेबांनी रोजच्या प्रार्थनेत एक ओळ वाढवली: "हे दयाळू बापा, भागीरथीस आरोग्य दे." डोळे मिटून म्हणायच्या, मनापासून. पहिल्या जागेवरची अंबू तोंडात पदराचं टोक कोंबून हसू दाबायची. पंतोजींचे कान लाल व्हायचे. आणि मला आता हसूही येईना, रडूही येईना. पंतोजी हात वर करून "हा भागीरथीचा प्रश्न" म्हणाले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. दुसऱ्या कुणाला मी हरवलंही असतं. नसलेल्या पोरीला कसं हरवणार?

डिप्टीसाहेब आले ते चैत्रातल्या भर उन्हात. पागोटं, उपरणं, करकरणारे जोडे, बरोबर पट्टेवाला. आम्ही सगळ्या मिशनच्या शिवणवर्गात शिवलेल्या एकसारख्या निळ्या परकरांत बाकावर बसलो होतो. बाईसाहेब खिडकीपाशी ताठ उभ्या. पंतोजींनी हजेरी घ्यायला तोंड उघडलं, तर डिप्टीसाहेबांनी हात पुढे केला.

"द्या इकडे. हजेरी मी घेतो."

त्यांनी नावं वाचायला सुरुवात केली. अंबू हजर, वेणू हजर, गोदीपर्यंत पाची जणी हजर. मग ते थांबले. मागची पानं चाळली, आणखी मागची चाळली.

"ही भागीरथी केशव कोण?"

"प्रकृतीनं जरा... नाजूक आहे, रावसाहेब," पंतोजी म्हणाले.

"वर्षभरात एक दिवस हजर नाही?"

"आजार लांबला."

डिप्टीसाहेब खुर्चीत मागे टेकले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "विसाजीपंत, पटावर खोटी नावं चढवून शाळा फुगवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. तसं निघालं तर शाळेची मान्यता जाते, आणि मास्तर कुठं जातो ते तुम्हांला सांगायला नको. ही मुलगी मला आज दिसली पाहिजे. बोलवा तिला."

पंतोजींचा चेहरा राखेसारखा झाला. बाईसाहेब मात्र पुढे होऊन म्हणाल्या, "ती रुग्ण आहे. मी स्वतः तिच्या घरी गेले होते."

"आपण पाहिलीत तिला?"

बाईसाहेबांनी पंतोजींकडे पाहिलं. मग बाकाकडे, त्या दीड हात रिकाम्या जागेकडे, तिच्या एका बाजूच्या पाच जणींकडे, दुसऱ्या बाजूच्या आमच्याकडे. इतके दिवस डोळ्यांसमोर असलेलं त्यांना त्या क्षणी दिसलं. त्यांच्या लाल चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला, आणि मला त्यांचं फार वाईट वाटलं.

"भागीरथी केशव!" डिप्टीसाहेबांनी पुन्हा नाव घेतलं. या खेपेला मोठ्यानं.

मी ठरवून काही केलं नाही, हे देवाशपथ सांगते. मी फक्त डावीकडे सरकले. फळी गुळगुळीत होती, कधी कुणी बसलंच नव्हतं तिथं. माझा परकर गोदीच्या परकराला लागला.

"हजर," मी म्हणाले. हळू. तेवढं एकच हजर मी त्या शाळेत हळू म्हणाले असेन.

गोदीचं अंग ताठ झालं, पण ती हलली नाही. कोण काय बोलणार होतं? ही भागीरथी नव्हे म्हणावं, तर मग भागीरथी कुठं आहे ते सांगावं लागणार.

डिप्टीसाहेबांनी मला न्याहाळलं आणि बाईसाहेबांकडे वळले. "हीच का ती मुलगी?"

बाईसाहेबांची नजर खुंटीवरच्या पट्ट्याकडे गेली. मला वाटलं, संपलं. ही बाई मरेल पण खोटं बोलणार नाही.

"होय," त्या म्हणाल्या. "ही फार दिवस गैरहजर होती. आज आली."

डिप्टीसाहेबांनी मान हलवली आणि पुढचं नाव वाचलं. "धुर्पा सटवा!"

दोन वर्षांत त्या नावाला पहिल्यांदाच उत्तर गेलं नाही.

"धुर्पा सटवा?"

"गैरहजर," पंतोजी म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता.

मग प्रश्न सुरू झाले. डिप्टीसाहेब जुन्या वळणाचे, त्यांनी थेट औटकीलाच हात घातला. साडेतीनाचा तो पाढा भल्याभल्यांना घाम फोडतो. "सतरा औटं किती?"

अंबू चाचरली. वेणूनं छप्पन्न सांगितलं. तिसरी रडकुंडीला आली, चौथी गप्प, गोदीची तर दातखीळच बसली होती. प्रश्न माझ्यापाशी आला, आणि या वेळी पंतोजींनी हात वर केला नाही. भागीरथीचा प्रश्न अखेर भागीरथीला मिळाला.

"साडेएकोणसाठ."

"शाबास! जा वर."

मी उठले. पाची जणींना उठून खाली सरकावं लागलं, आणि मी खिडकीपाशी जाऊन बसले. बाहेर फाटकाशी बाप काठी धरून उभा होता. त्याला आतलं काही दिसत नव्हतं. पुढच्या प्रश्नांची उत्तरं मी वरूनच दिली, एकही प्रश्न खाली जाऊ दिला नाही. साठलेलं बाहेर पडत होतं.

शेजारी अंबू. ती पुढे बघत, ओठ न हलवता पुटपुटली, "धुर्पे, तुला खरंच येत होतं?"

"हो."

"रोज?"

"रोज."

ती माझ्यापासून सरकली नाही, हेही सांगायला हवं. दुसऱ्या दिवसापासून पाची जणींना घरच्यांनी शाळेत पाठवलं नाही, आणि ज्येष्ठात अंबूचं लग्न झालं.

डिप्टीसाहेबांनी जाताना कागदावर नाव लिहिलं: भागीरथी केशव, पुण्याच्या जागेसाठी योग्य. त्यांचा टांगा दिसेनासा झाल्यावर बाईसाहेबांनी मला एकटीला थांबवून घेतलं आणि खुंटीवरून पट्टा काढला.

"असत्याची शिक्षा कोणती?"

"दोन पट्टे, बाईसाहेब." मी हात पुढे केला. त्यांनी दोन मारले, हातचं न राखता. डोळ्यांत पाणी आलं पण मी हूं की चूं केलं नाही. मग त्यांनी पट्टा माझ्या हातात दिला आणि आपला तळहात माझ्यापुढे धरला.

"नाही, बाईसाहेब! तुमच्यामुळं तर शाळा वाचली."

"मी असत्य बोलले. नियम सर्वांना एक. नाहीतर ते बाक मी कशासाठी घातले?"

मी कसाबसा एक मारला. फुलासारखा.

"हा नाही," त्या म्हणाल्या. "दोन. नीट."

मी मारले. तो पट्टा पुन्हा खुंटीवर दिसला नाही.

घरी बापाला सगळं सांगितलं तेव्हा तो मिशीवरून हात फिरवत बसला. आई म्हणाली, "म्हंजी पोर पुण्याला जानार, पर आपली म्हून न्हाई? बापाचं नावबी दुसऱ्याचं?"

"नाव ऱ्हाऊ दे की कागदावर," बाप म्हणाला. "कागद काय हाक मारतूय व्हय? हाक मी मारीन. धुर्पे म्हून हाक मारायला सरकारचा शिक्का लागत न्हाई." आणि तो मोठ्यानं हसला, पण माझ्याकडे बघून नाही.

शाळा बंद पडली नाही. वरच्या आळीतल्या दोघी श्रावणात परत आल्या. पंतोजी हजेरी घ्यायचे. "धुर्पा सटवा" म्हणून थांबायचे, आणि खिडकीपाशी बसलेल्या माझ्याकडे न बघता म्हणायचे, "गैरहजर." माझ्या जुन्या जागेवर कुणी बसेना. परत आलेल्या दोघी आणि जनी-सरी यांच्या मधोमध ती तशीच रिकामी राहिली. भागीरथी आली, तर आता धुर्पा आजारी पडली होती. बाईसाहेबांनी एका सकाळी ते पाहिलं, आपली खुर्ची ओढली आणि त्या जागेपाशी, बाकाला चिकटवून, स्वतः बसल्या. रोज तिथंच बसत होत्या, मी गाव सोडेपर्यंत.

पुण्याला जायचा दिवस आला. तालुक्यातल्या आणखी एका मुलीला आणि मला न्यायला डिप्टीसाहेबांचा पट्टेवाला छकडा घेऊन आला होता. आईनं भाकरी बांधून दिल्या आणि ती घरातच रडत बसली. बाईसाहेबांनी हात हलवला. बापाला मी आधीच बजावलं होतं, की लांबच उभा राहा, नाहीतर पट्टेवाला आपलं नातं ओळखेल. तो फाटकाशी उभा राहिला, पलटणीतल्यासारखा, काठी खाली टेकून. शब्दाला जागला. छकडा वेशीकडं वळेपर्यंत जागला.

मग त्याच्यानं राहवेना.

"धुर्पेऽऽ!"

सगळ्या गावानं ऐकली असेल ती हाक. माझ्या तोंडात "हजर" आलं होतं. मी दात आवळले. मागं वळून पाहिलं नाही.

"धुर्पेऽऽ! आगं धुर्पे!"

पट्टेवाल्यानं मान वळवून मागं पाहिलं. "कुणाला हाका मारतोय गं तो म्हातारा?"

"त्याच्या मुलीला," मी म्हणाले. "गैरहजर आहे ती."